नोरा नक्की कोणाची? बेअराच्या घराच्या शोधाच्या नोंदी

5 ऑक्टोबर 2025, रविवार

नोंदी ठेवायला आजपासून सुरुवात करतेय, कारण महिन्याभरात तीनदा तेच रजिस्टर उघडून तेच पान वाचलंय आणि दर वेळी वाटलं की काहीतरी नवीन मिळालं.

माझं सासर आयर्लंडचं, कॉर्क काउंटीच्या पार पश्चिमेला बेअरा नावाचं द्वीपकल्प आहे तिथलं. आम्ही राहतो कॉर्क शहरात, सासरे जवळच, वय 82. त्यांची थोरली बहीण म्हणजे माझ्या आतेसासूबाई 89 च्या, त्या अजून आयरीज गावाजवळच्या जुन्या घरात एकट्या राहतात. पुढे त्यांना नुसतं आत्या लिहिते. त्यांच्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, त्यात गेलेल्या माणसांची स्मरणकार्डं, एक तुटलेली जपमाळ आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो. मोठी हॅट घातलेली तरुण बाई, एक हात खुर्चीच्या पाठीवर, खाली अमेरिकेतल्या स्टुडिओचा शिक्का, ब्यूट, मॉन्टाना. मागे पेन्सिलीने एकच शब्द, नोरा.

माझ्या लेकीने विचारलं ही कोण, आणि घरात तीन उत्तरं आली. सासरे म्हणाले माझ्या आजोबांची बहीण. आत्या म्हणाल्या छे, बहीण कसली, खालच्या घरातली, आजोबांची कझिन. आणि शेजारचे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले ती सावत्र होती एवढं मी ऐकलंय, कोणाची सावत्र ते त्यांना सांगता येईना.

बेअरातून ब्यूटला जाणं हा त्या काळी ठरलेला रस्ता होता. अ‍ॅलिहीजला 1812 पासून तांब्याच्या खाणी होत्या, पक्सली जमीनदारांच्या, त्या मंदावल्या तसे इथले खाणकामगार सरळ मॉन्टानातल्या तांब्याच्या खाणीत गेले आणि मागून त्यांच्या बहिणी, मेहुण्या, शेजारणी गेल्या. त्यामुळे नोरा तिकडे का गेली हा प्रश्नच नाही. ती निघाली कुठल्या दारातून, एवढाच आहे.

11 ऑक्टोबर, शनिवार

सोप्यापासून सुरुवात केली. 1901 आणि 1911 ची जनगणना नॅशनल अर्काइव्हजने फुकट ऑनलाइन ठेवलीय, मूळ फॉर्मच्या फोटोंसकट. आपलं घर मिळालं. आडनाव मी इथे लिहीत नाही, बेअरात त्या आडनावाची इतकी घरं आहेत की लिहूनही उपयोग नाही. सासऱ्यांचे आजोबा डॅन, त्यांची विधवा आई मेरी, दोन भावंडं. नोरा नाही, ती तोवर गेलेली असणार.

मेरीचं वय 1901 ला 60 आणि 1911 ला 74. दहा वर्षांत चौदा वर्षांनी म्हातारी झाली. हे एकट्या मेरीचं नाही, 1909 च्या जानेवारीत सत्तरीच्या पुढच्यांना सरकारी पेन्शन सुरू झालं आणि अख्ख्या देशातले म्हातारे दोन जनगणनांच्या मध्ये भराभर मोठे झाले. जन्माची सक्तीची नोंद 1864 पासूनची, म्हणजे त्यांच्याकडे दाखवायला कागदच नव्हता. मला त्यात लबाडी दिसत नाही, पाच शिलिंग आठवड्याला म्हणजे त्या घरात किती मोठी गोष्ट असेल.

पण आजची खरी सापडलेली वस्तू म्हणजे 1911 च्या फॉर्मवरची एक खोड. त्या वर्षी लग्न झालेल्या बायकांना विचारलं होतं की किती वर्षं संसार झाला, किती मुलं जिवंत जन्मली, आज किती हयात आहेत. विधवांनी ते भरायचं नव्हतं, पण पुष्कळ घरांत भरलं गेलं आणि मग तपासनिसाने त्यावर रेघ मारली. मेरीच्या ओळीवरही रेघ आहे, पण झूम केलं की खालचे आकडे स्वच्छ वाचता येतात. 9 जन्मली, 6 हयात.

तिला हे कोणीतरी स्वयंपाकघरात बसून विचारलं असेल आणि तिने नऊ सांगितले असतील, आणि नंतर कोणीतरी म्हणालं हे नको होतं. मी त्या रेघेकडे बराच वेळ बघत बसले.

18 ऑक्टोबर, शनिवार

मेरीची नऊ मुलं मोजायला बसले. बेअराचा आपला भाग काउंटी कॉर्कमध्ये असला तरी चर्चच्या हिशोबात शेजारच्या केरीच्या धर्मप्रांतात येतो, आणि केरीच्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी सरकारी साइटवर नावाने शोधता येतात, ही आपली मोठी सोय. शिवाय नॅशनल लायब्ररीने 2015 मध्ये कॅथलिक रजिस्टरांच्या मायक्रोफिल्म ऑनलाइन टाकल्या, त्या साधारण 1880 पर्यंतच्या, तिथे डोळ्यांनी पान वाचायचं.

नावांचा गोंधळ आधी लिहून ठेवते म्हणजे परत अडायला नको. रजिस्टर लॅटिनमध्ये, जनगणना इंग्रजीत, घरात आयरिश. जेरेमाया, जेरेमियास, डार्बी, डिअर्मिड हा सगळा एकच माणूस असू शकतो. कॉर्नेलियस म्हणजे कॉन. आणि आपली नोरा रजिस्टरात होनोरा, पुढे हनोरा, नोनी, कधी हॅना. पण हॅना म्हणजे जोहॅनाही असू शकते, तिथे पाय घसरतो. आपल्याकडे लग्नात बायकांचं नावच बदलायचे, माझ्या पणजीचं माहेरचं नाव शोधायला मला दोन वर्षं लागली होती, इथे निदान बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव न चुकता लिहिलेलं असतं. ह्या एका गोष्टीसाठी त्या पाद्र्यांचे आभार मानावेसे वाटतात.

मेरीची आठ मुलं सापडली, नववं नाही. आठात एक होनोरा आहे, बाप्तिस्मा नोव्हेंबर 1875. आनंद झाला, तो एक तास टिकला. 1878 च्या मृत्यूंच्या नोंदीत, त्याच वाडीतली हनोरा, वय 3, शेतकऱ्याची मुलगी. वाडी म्हणतेय ते टाउनलँडला, गावापेक्षा लहान जमिनीचा तुकडा, देशभर असे साठ हजारांवर आहेत आणि आयरिश कागदात माणूस शोधायचा तर आधी वाडी माहीत लागते. आईबापाचं नाव त्या काळच्या मृत्यूच्या नोंदीत नसतं, फक्त खबर देणारा असतो. खबर देणारी मेरी, सहीच्या जागी फुली.

मग शेजारच्या वाडीत दुसरी होनोरा निघाली. बाप्तिस्मा 12 मार्च 1876, बाप जेरी, आई जोहॅना. आपल्या मेरीचा नवराही जेरीच, आडनावही तेच. म्हणून मी त्यांना वरचा जेरी आणि खालचा जेरी म्हणते, वरचा म्हणजे आपला, खालचा आत्या म्हणतात त्या खालच्या घरातला. ह्या दुसऱ्या होनोराचा सरकारी जन्म 2 एप्रिलचा आहे, म्हणजे बाळ जन्माआधी तीन आठवडे बाप्तिस्मा घेऊन मोकळं. नोंदवायला उशीर झाला की दंड, म्हणून ऑफिसात तारीख पुढची सांगायचे. चर्चची तारीख धरायची.

आणि हिची धर्ममाता, म्हणजे गॉडमदर कोण, तर आपली मेरी.

27 ऑक्टोबर, सोमवार

लाँग वीकेंडला आत्यांकडे जाऊन आलो. ग्लेनगॅरिफच्या पुढे पाऊस लागला तो परत येईपर्यंत.

आत्यांशी बोलताना एक गोष्ट लक्षात आली ती मी आधीच करायला हवी होती. त्या कझिन म्हणतात, आंटी म्हणतात, आणि इंग्रजीत तेवढ्याने भागतं. मला भागत नाही. मी विचारत गेले की बापाकडून की आईकडून, मोठ्या भावाची मुलगी की बहिणीची, आणि वहीत माझ्यापुरतं मराठीत लिहीत गेले, चुलतबहीण, आतेबहीण, मामेबहीण, मावसबहीण, प्रत्येकाला वेगळा रकाना. आत्या आधी वैतागल्या, मग त्यांनाच मजा वाटायला लागली, कारण असं विचारल्यावर त्यांना आठवायला लागलं. कझिन कुठून विचारलं तर उत्तर नव्हतं. पण तिच्या आईला तुमचे आजोबा काय म्हणायचे विचारलं तर लगेच म्हणाल्या, तिची आई होतीच कुठे, ती तर बाळंतपणात गेली.

हे त्यांनी कोणालाच आधी सांगितलं नव्हतं कारण कोणी विचारलंच नव्हतं.

दुसरं असं, एकाच आडनावाच्या इतक्या घरांत तिकडे माणसाला बाप आणि आजाच्या नावासकट ओळखतात. पॅडी मिक डॅन म्हणजे डॅनच्या मिकचा पॅडी. आपलं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, तसंच, फक्त आडनाव गळलेलं. आत्यांच्या आठवणीत नोरा ही नोरा जेरी होती. दोन्ही जेरी! इथे काहीच मदत नाही.

निघताना डब्यातला फोटो मोबाइलवर नीट काढून घेतला, पुढून आणि मागून. पेन्सिलीचं अक्षर कोणाचं ते आत्यांना माहीत नाही.

8 नोव्हेंबर, शनिवार

जोहॅनाचा मृत्यू मिळाला. 1881, वय 34, कारण बाळंतपणाचं. खालच्या जेरीचं दुसरं लग्न 1883. म्हणजे आत्यांचं वाक्य खरं, निदान खालच्या घराबद्दल खरं. नोरा तिथली असेल तर आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची.

आता दोन्ही जेरी एकमेकांचे कोण ते हवं. ह्याचं सरळ उत्तर 1851 च्या जनगणनेत होतं. त्यात घरातला प्रत्येक माणूस कुटुंबप्रमुखाचा कोण ते लिहिलं होतं, बाहेरगावी असलेलेही होते आणि 1841 नंतर घरात कोण वारलं तेही, म्हणजे दुष्काळातले मृत्यू. ते कागद डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये होते आणि 30 जून 1922 ला यादवी युद्धात ती इमारत उडाली तेव्हा जळाले. 1861 आणि 1871 चे त्याआधीच सरकारने नष्ट केलेले, 1881 आणि 1891 चे पहिल्या महायुद्धात लगद्याला घातले. मी हे वाचून पाठ झालेलं आहे तरी दर वेळी पोटात कालवतं.

एक फट राहिलीय. पेन्शन मागणाऱ्यांचं वय पटवायला तेव्हाचे कारकून त्या जुन्या जनगणनेत शोध घ्यायचे, आणि त्या शोधाचे फॉर्म शिल्लक राहिले. मेरीचा फॉर्म मिळाला! तिच्या आईबापाची नावं, वाडी, आणि कारकुनाच्या हातचा शेरा की 1851 ला ती 9 वर्षांची. जळालेल्या पुस्तकातली एक ओळ, कोणीतरी जळण्याआधी उतरवून घेतलेली. म्हणजे जन्म 1842 चा, 1901 ला तिने जवळपास खरंच सांगितलं होतं. आणि 1879 च्या सुमाराला तिला नववं मूल होणं सहज शक्य आहे. तेव्हाच्या घरांत मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव देत. 1878 मध्ये एक हनोरा गेली, 1879 मध्ये दुसरी आली असेल तर सासऱ्यांचं म्हणणं बरोबर ठरतं.

14 नोव्हेंबर, शुक्रवार

रजा टाकून डब्लिनला गेले, व्हॅल्युएशनच्या ऑफिसात. ग्रिफिथचं व्हॅल्युएशन म्हणजे 1847 ते 1864 मध्ये देशभर प्रत्येक जमीन कोणाच्या वहिवाटीत आहे त्याची यादी, आपल्या सातबाऱ्याचा चुलतभाऊच. त्यानंतरचे बदल वर्षानुवर्षं त्याच वह्यांत नोंदवत गेले, जुनं नाव खोडायचं, वर नवं लिहायचं, आणि दर फेरीला शाई वेगळ्या रंगाची.

वरची आणि खालची जमीन मुळात एकच नंबर होती. कंसात दोन नावं, दोन्ही तेच आडनाव, जमीन एकत्र. मग लाल शाईत कंस फुटतो, दोन नंबर होतात आणि पुढे हिरव्या शाईत दोन्हीकडे जेरी येतो. एकत्र जमीन कसणारे ते दोघं बहुतेक भाऊ असणार, आणि दोघांच्या थोरल्या मुलांचं नाव जेरी असणं अगदी रीतीला धरून आहे, कारण पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव. म्हणजे दोन्ही जेरी चुलतभाऊ. हे माझं अनुमान, वहीत फक्त नावं आणि जमीन आहे, नातं नाही. ग्रिफिथमध्ये नातं सहसा नसतं.

23 नोव्हेंबर, रविवार

आज जे मिळालं त्याने झोप उडालीय.

डॅनच्या बहिणीचं लग्न 1894 मध्ये खालच्या जेरीच्या थोरल्या मुलाशी झालं, म्हणजे जोहॅनाच्या मुलाशी. हे आत्यांना माहीत होतं, दोन्ही घरांचं येणंजाणं त्यामुळेच. पण चर्चच्या नोंदीत शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात लॅटिनमध्ये लिहिलंय की रक्तनात्यासाठी परवानगी घेतली, तिसऱ्या पायरीची. चर्चच्या तेव्हाच्या मोजणीत दुसरी पायरी म्हणजे सख्खी चुलत-आते-मामे-मावसभावंडं, तिसरी म्हणजे त्यांची मुलं, चौथी आणखी पुढची. नवरानवरी तिसऱ्या पायरीची, म्हणजे त्यांचे आईबाप पहिल्या नात्याची चुलत भावंडं. दोन जेरी चुलतभाऊ असतील तर हिशोब तंतोतंत बसतो.

मग मी स्वतःला थांबवलं आणि कागदावर चौकोन काढले. पायरी कुठल्या बाजूने मोजली ते पाद्र्याने लिहिलेलं नाही. बाप-बाप चुलतभाऊ असतील, पण मेरी आणि जोहॅना मावसबहिणी असतील तरीही तिसरीच पायरी येते, वरचा जेरी आणि जोहॅना आतेमामे असतील तरीही. चार वाटा आहेत. जमिनीची वही पहिल्या वाटेकडे बोट दाखवते, एवढंच. फाइलमध्ये दोन्ही जेरींमधली रेघ मी तुटक ठेवलीय.

2 डिसेंबर, मंगळवार

एक चूक निस्तरतेय. सप्टेंबरात, म्हणजे ह्या नोंदी सुरू व्हायच्या आधी, मी एका ऑनलाइन वंशवृक्षात नोराला मेरीची मुलगी म्हणून घातलं होतं, 1875 च्या बाप्तिस्म्यासकट. आज बघते तर दुसऱ्या दोन झाडांत तीच नोंद जशीच्या तशी उतरलेली आहे, माझ्या अंदाजाचा तिथे पुरावा झालाय. जी मुलगी तीन वर्षांची असताना वारली तिला मी अमेरिकेला पाठवलं, हे मला फार लागलं. माझी नोंद काढली, दोघांनाही मेसेज करून कारण सांगितलं. एकाने लगेच काढली, दुसऱ्याचं उत्तर नाही. छोट्या हनोराला तिची स्वतःची जागा दिली, 1875 ते 1878.

आता प्रत्येक ओळीला रंग. कागद असेल तर हिरवी, कोणीतरी सांगितलेलं असेल तर पिवळी, मी जुळवलेलं असेल तर राखाडी.

14 डिसेंबर, रविवार

मॉन्टानातल्या ज्या बाईंना मी लिहिलं होतं त्यांचं उत्तर आलं! नोराची नात, सत्तरीच्या पुढची. तिने नोराचं डेथ सर्टिफिकेट स्कॅन करून पाठवलं, 1949 चं. हात थरथरत उघडलं. बापाचं नाव जेरी. आईचं नाव, माहीत नाही. माहिती देणारा मुलगा, त्याला आजीचं नाव ठाऊक नव्हतं. मी अर्धा तास काही केलं नाही.

मग 1900 ची अमेरिकन जनगणना पाहिली. त्यात तिकडे जन्माचा महिना आणि वर्ष दोन्ही विचारलं होतं. ब्यूटमध्ये एका बोर्डिंग हाउसमध्ये कामाला, 1896 ला आलेली, जन्म मार्च 1877. वर्ष एकाने चुकलंय, पण महिना मार्च. खालच्या घरातल्या होनोराचा बाप्तिस्मा मार्चचा. त्या काळची माणसं वर्ष विसरायची, पण महिना सहसा धरून ठेवायची, सणावाराला जोडून. हे पुरेसं नाही पण हलकंही नाही.

नातीने मुलांची यादी पण दिली. थोरल्या मुलीचं नाव जोहॅना, दुसरीचं मेरी. रीत अशी की पहिली मुलगी आईच्या आईची, दुसरी बापाच्या आईची. नवऱ्याच्या आईचं नाव त्याच्या सर्टिफिकेटवर आहे, एलेन. म्हणजे दुसरीचं एलेन व्हायला हवं होतं, ते झालं मेरी.

हे मी एका दमात लिहिते नाहीतर लिहायची नाही. नोरा पाच वर्षांची असताना आई जोहॅना गेली, दोन वर्षांनी सावत्र आई आली, आणि धर्ममाता मेरी वरच्या घरात होती, जिची स्वतःची हनोरा, जवळपास त्याच वयाची, तीन वर्षांपूर्वीच गेली होती. मेरीने तिला वर आणलं असेल. मग सासऱ्यांच्या आजोबांना ती बहीण वाटली तर खोटं नाही, आत्यांचं कझिनही खोटं नाही, आणि शेजाऱ्यांचं सावत्रही. तिन्ही आठवणी खऱ्या ठरतात.

पण इतकं छान बसतंय म्हणूनच मी ते राखाडीत लिहिलंय. वर आणलं ह्याला एकही कागद नाही.

29 डिसेंबर, सोमवार

डीएनएचा निकाल. सासऱ्यांनी ऑक्टोबरात नळीत थुंकून दिलं होतं, मॉन्टानाच्या नातीची टेस्ट आधीच होती, दोघांनाही आधी नीट विचारलं की यातून नको ते बाहेर आलं तर चालेल का, दोघंही हो म्हणाले.

दोघांच्यात 104 सेंटिमॉर्गन, म्हणजे सारखा असलेला डीएनए मोजायच्या एककात. नोरा डॅनची सख्खी बहीण असती तर सासरे आणि ही नात एकमेकांची सेकंड कझिन, तिथे सरासरी सव्वादोनशेच्या आसपास असते. जेरी-जेरी चुलतभाऊ धरले तर ते दोघं फोर्थ कझिन, सरासरी पस्तीसच्या आसपास. आपला आकडा मधोमध, आणि दोन्ही नात्यांत इतकं आढळतं. त्यात बेअरासारख्या ठिकाणी पिढ्यानपिढ्या आसपासच्याच घरांत लग्नं झालेली, तिथे आकडा नेहमीच फुगतो. आपले 104 एका मोठ्या तुकड्यात नाहीत, बारक्या बारक्या तुकड्यांत विखुरलेत, म्हणजे फुगवटा आहे असं मला वाटतं. कल खालच्या घराकडे. शिक्का नाही.

मेरीच्या 9 आणि 6 चा हिशोबही परत मांडला. आठ सापडली, त्यातली दोन लहानपणी गेल्याचं नक्की, उरली सहा, आणि नववं बाळपणीच गेलं असेल तर सहा हयात हा आकडा नोराशिवाय पुरा होतो. पण त्या सहातला एक मुलगा 1893 नंतर अमेरिकेत कुठे गेला ते मला सापडत नाही. तो 1911 च्या आधी वारला असेल तर सहावी हयात व्यक्ती कोणीतरी दुसरी, आणि ती नोरा असू शकते. सगळं त्या एका मुलावर येऊन थांबतंय. जानेवारीत त्याच्या मागे लागायचं.

10 जानेवारी 2026, शनिवार

तो मुलगा अजून नाही. खाणींमधले अपघात, इस्पितळांच्या नोंदी बघतेय, त्या नावाचे ब्यूटमध्येच कितीतरी आहेत.

18 एप्रिलला 1926 ची जनगणना खुली व्हायचीय, बरोबर शंभर वर्षांनी. तिच्यात खालच्या घरात तेव्हा कोण कोण होतं ते बघायचं, सावत्र आई हयात होती का ते पण.

संध्याकाळी आत्यांना फोन केला आणि जोहॅना-मेरी ह्या नावांचं सांगितलं. मेरीने आणलं असेल हे मुद्दाम बोलले नाही, त्यांच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत म्हणून. त्या थोडा वेळ गप्प होत्या, मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाल्या ख्रिसमसला अमेरिकेचं पाकीट यायचं ते आठवतं, पोस्टमन सायकल बाहेर टेकवून आत येऊन बसायचा, पाकीट उघडेपर्यंत हलायचा नाही. एकच पाकीट, वरच्या घराच्या पत्त्यावर, आणि त्यातले पैसे आजोबा टेबलावर वेगळे करायचे. मी विचारलं वेगळे म्हणजे कसे. म्हणाल्या, दहा डॉलर आपले, पाच खाली द्यायचे, आणि खाली द्यायला मलाच पाठवायचे.

पाचाची नोट फ्रॉकच्या खिशात, वरून हात दाबून धरलेला, कुंपणाच्या कडेने पळत. तेव्हा त्या नऊ-दहा वर्षांच्या असतील, म्हणजे 1945-46.

पिवळ्या रंगात लिहिलं. सांगणाऱ्या आत्या, फोनवर, आजची तारीख.